इस्रोशी करार करण्याआधी: काटोलच्या संत्रा उत्पादक कंपनीला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. काटोल-नरखेड पट्ट्यात तुमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे आणि सभासद बहुतेक संत्रावाले. गेल्या काही हंगामांत फळगळ वाढली आहे, झाडं शेंड्याकडून वाळताहेत. गावातल्या दोन इंजिनिअर मुलांनी उपग्रहाच्या प्रतिमांवरून बागांच्या तब्येतीचा नकाशा करायचं मनावर घेतलं आहे आणि त्यासाठी तुम्हाला ‘इस्रोशी एमओयू’, म्हणजे सामंजस्य करार, हवा आहे. पत्राचा मसुदाही तुम्ही इथे टाकला आहे. अर्ज कुठे करायचा, किती दिवस लागतात, पैसे मिळतात का, हे तुमचे तीन प्रश्न. चौथा जाता जाता विचारलात: एक सल्लागार काही लाख रुपयांत इस्रोशी ‘टाय-अप’ करून देतो म्हणतोय, त्याला हो म्हणावं का?

चौथ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात सभासदांचे पैसे जायचे आहेत. हो म्हणू नका. खासगी कंपन्यांचे अर्ज इन-स्पेस या सरकारी संस्थेच्या स्वतःच्या ऑनलाइन पोर्टलवर भरले जातात. नागपुरात अमरावती रोडवर इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं, म्हणजे एनआरएससीचं, प्रादेशिक केंद्र आहे. तिथे कंपनीच्या लेटरहेडवर पत्र देऊन भेटीची वेळ मागता येते. मध्ये कोणी लागत नाही. तो सल्लागार तांत्रिक प्रस्ताव लिहून देणार असेल तर ते वेगळं काम झालं. त्याचा मोबदला प्रस्ताव हातात पडल्यावर द्या. ‘ओळखी’चे पैसे मात्र देऊ नका.

आता मी कुठून बोलतोय ते सांगतो. माझं काम नागपुरातच झालं, माती आणि पिकांच्या नकाशांचं. अंतराळ विभागात मी नोकरीला नव्हतो. त्यांच्याकडे काम घेऊन जाणाऱ्यांपैकी होतो, त्यामुळे हे सगळं बाहेरच्या बाजूने पाहिलेलं आहे. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील: नकाशा सभासदांपुरता ठेवणार की विकणार, सोबत एखादं महाविद्यालय आहे का, मुलं पूर्णवेळ देणार का. जिथे यामुळे उत्तर बदलतं, तिथे तसं म्हणेन.

‘इस्रोबरोबर काम करायचंय’ असं कोणी म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, नेमकं काय हवंय? प्रतिमा हव्यात, तिथल्या माणसांचं ज्ञान हवंय, त्यांची यंत्रणा वापरायची आहे, की निधी हवाय? चारही गोष्टींसाठी जागा वेगळ्या, कागद वेगळे, आणि त्यांतल्या एकीला तर करार लागतच नाही. तुमच्या मसुद्यात चारही एकत्र मागितल्या आहेत. असं पत्र ज्या टेबलावर जाईल तिथला अधिकारी कितीही भला असला तरी त्याला ‘योग्य विभागाकडे पाठवावे’ याखेरीज दुसरा शेरा मारता येणार नाही.

करार ज्याला लागत नाही ती गोष्ट म्हणजे प्रतिमा. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या भारतीय अंतराळ धोरणात हे स्पष्ट आहे. ५ मीटर किंवा त्याहून ढोबळ तपशिलाच्या, म्हणजे ज्यांतला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर किमान ५ मीटर रुंद असतो अशा, सरकारी उपग्रहांच्या प्रतिमा सर्वांना मोफत आणि खुल्या. त्याहून बारीक प्रतिमा सरकारी संस्थांना मोफत, बाकीच्यांना दर लावून. रिसोर्ससॅट-२ आणि २ए या उपग्रहांवरच्या लिस-४ कॅमेऱ्याचा तपशील ५.८ मीटरचा आहे, म्हणजे तो मोफतच्या बाजूला येतो. एनआरएससीच्या भूनिधी पोर्टलवर नाव नोंदवलं की प्रतिमा उतरवून घेता येतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटरच्या प्रतिमाही मोफत आहेत, आणि ती जोडी दर ५ दिवसांनी त्याच जागेवरून जाते. तुमच्या मुलांनी आज रात्री बसून सुरुवात करायची म्हटली तरी कोणाची सही लागणार नाही.

पण ५.८ मीटर म्हणजे काय, हे त्यांनी बागेत उभं राहून समजून घ्यावं. तुमच्याकडच्या पुष्कळ बागा ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या असतील. एका झाडाच्या वाट्याला ३६ चौरस मीटर जागा आली आणि लिस-४ च्या एका पिक्सेलला जवळपास ३४. ऐकायला एका झाडाला एक पिक्सेल असं वाटतं. प्रत्यक्षात झाडांच्या ओळी आणि पिक्सेलच्या ओळी जुळत नाहीत. एका चौकोनात अर्धं झाड, थोडी काळी माती, थोडं तण आणि शेजारच्या झाडाची फांदी येते. सेंटिनेलच्या एका चौकोनात तर जवळपास तीन झाडं मिसळलेली असतात. त्यामुळे ‘डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) लागलेलं झाड दाखवा’ ही मागणी या प्रतिमांकडून पुरी होणार नाही. बागेतला दहा-पंधरा झाडांचा एखादा पट्टा उतरणीला लागलाय हे मात्र दिसतं, आणि जुन्या प्रतिमा काढून तो पट्टा कधीपासून फिका पडत गेला हेही पाहता येतं. एकेका झाडासाठी ड्रोन लागेल, आणि तो सगळ्या तालुक्यावर उडवणं परवडणारं नाही. पट्टा उपग्रहाने शोधायचा आणि झाड माणसाने जाऊन पाहायचं, अशी वाटणी मी सुचवेन.

दुसरी अडचण हंगामाची, आणि ती तुम्हाला मुलांपेक्षा जास्त कळेल. पावसाळ्यात ढग असतात, आणि ढग नसले तरी कपाशी, तूर, सोयाबीन, संत्रा सगळंच हिरवं. रब्बी निघाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, शेतं उघडी पडतात आणि ओलिताच्या बागा उठून दिसतात. म्हणून बहुतेक जण तेव्हाची प्रतिमा घेतात. पण आंबिया बहारासाठी डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडतात, म्हणजे फुलोरा यावा म्हणून झाडाला पाण्याचा ताण देतात, आणि मृग बहारासाठी मे महिन्यात. ताणावर सोडलेली निरोगी बाग आणि मुळं सडलेली आजारी बाग वरून सारखीच फिकी दिसते. संगणकाला यातला फरक कळत नाही, शास्त्रज्ञालाही नुसत्या प्रतिमेवरून कळत नाही. बागेचा मालक एका वाक्यात सांगतो: ‘मी पाणी तोडलंय.’

तुमची खरी ताकद या एका वाक्यात आहे, आणि तुमच्या मसुद्यात तिचा उल्लेखही नाही. अंतराळ संस्थेकडे उपग्रह आहेत, प्रतिमांचा साठा आहे, त्या वाचणारे फार चांगले शास्त्रज्ञ आहेत. अमुक गटातल्या बागेला कोणता बहार धरला, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते झाड) जंबेरीचा की रंगपूर लाइमचा, झाडं किती वर्षांची, पाणी कधी तोडलं आणि कधी सोडलं, गेल्या वर्षी किती झाडं काढली, याची भरवशाची नोंद त्यांच्याकडे नसते. ती गोळा करायला लागणारी माणसं आणि गावातला विश्वास तुमच्याकडे आहे. तुम्ही मागायला जात नाही आहात, द्यायलाही जात आहात. हे तुमच्या पत्राच्या पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे, आणि पोकळ शब्दांत नव्हे: किती बागा, कोणती गावं, कोणत्या महिन्यांत, कोणकोणती माहिती.

हा विचार नवा नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात झालेला ‘साइट’ हा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग घ्या. उपग्रह नासाचा, एटीएस-६, आपल्याला वर्षभरासाठी मिळालेला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसवणं, ते चालू ठेवणं, तिथल्या भाषेत तिथल्या शेतीवर आणि आरोग्यावर कार्यक्रम करणं आणि लोकांना त्यातून काय मिळालं ते मोजणं, ही सगळी बाजू इस्रो आणि तेव्हाच्या आकाशवाणीने सांभाळली. वर्ष संपल्यावर उपग्रह दुसरीकडे हलवला गेला. खेड्यापर्यंत काम नेण्याचा अनुभव मात्र इथेच राहिला. तेव्हा इस्रो ही लहान बाजू होती, आणि तरी तिच्याकडे जमिनीवरचं काम होतं म्हणून तो प्रयोग बरोबरीने झाला. आज इस्रोपुढे तुम्ही लहान बाजू आहात.

नागपुरातलंच दुसरं उदाहरण सिव्हिल लाइन्सचं. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय तिथे आहे. ब्यूरोने २०१६ मध्ये एनआरएससीशी सामंजस्य करार करून खाणींवर उपग्रहातून लक्ष ठेवण्याचा पथदर्शी प्रकल्प घेतला. त्याच वर्षी गांधीनगरच्या बायसॅग संस्थेच्या मदतीने खाण निगराणी प्रणाली सुरू झाली. खाणपट्ट्याच्या हद्दीबाहेर ५०० मीटरपर्यंत जमिनीत काही बदल झाला की ती प्रणाली इशारा देते. पण इशारा आला म्हणजे बेकायदा खाण सापडली असं होत नाही. तिथे शेततळं खोदलं असेल, रस्त्याचा मुरूम काढला असेल. राज्याच्या अधिकाऱ्याने जाऊन पाहिल्यावरच निकाल लागतो. खाणपट्ट्यांच्या हद्दींचे नकाशे आणि जागेवर जाऊन तपासणारी माणसं सरकारी खाण यंत्रणेकडे होती, म्हणून उपग्रहाच्या चित्राचा उपयोग झाला.

जमिनीवरची नोंद कशी घ्यायची यावर थोडं थांबतो, कारण अनेक प्रकल्प इथेच ढिले पडतात आणि तुमचा पडू नये असं मला मनापासून वाटतं. रस्त्यावर गाडी थांबवून बांधावरून मोबाइलवर जागा नोंदवली तर तिचा उपयोग नाही. तो बिंदू नकाशावर रस्त्यात किंवा शेजारच्या तुरीत पडतो. बागेत किमान चार-पाच ओळी आत जा, दोन ओळींच्या मोकळ्या जागेत उभे राहा, कारण दाट पानांखाली मोबाइलचं जीपीएस भरकटतं. मग नोंद करा आणि चार दिशांचे फोटो घ्या. उपग्रह ज्या दिवशी वरून जाणार त्याच्या आगेमागे आठवडाभरात ही फेरी व्हावी. पाणी तोडण्याची आणि सोडण्याची तारीख विचारा. पाने पिवळी आहेत, शेंडे वाळलेत, बुंध्याला डिंक आहे, पानांवर कोळशी (काळी बुरशी) आहे, हे प्रत्येक वेगळ्या रकान्यात लिहा. ‘बाग खराब’ असा एकच शेरा लिहिला की पुढे त्यातून काहीही काढता येत नाही.

दोन गोष्टी लोक हमखास टाळतात. एक म्हणजे जे संत्रं नाही त्याच्या नोंदी. मोसंबी, लिंबू, साग, आमराई, उशिरापर्यंत हिरवी राहणारी तूर यांचे बिंदूही तितक्याच काळजीने घ्यावे लागतात, नाहीतर नकाशा दिसेल त्या हिरव्याला संत्रं म्हणतो. दुसरी म्हणजे काही नोंदी बाजूला झाकून ठेवणं. सगळ्या नोंदींवर संगणकाला शिकवलं आणि त्याच नोंदींवर परीक्षा घेतली तर निकाल छानच येणार. म्हणून एक तृतीयांश नोंदी मुलांच्याही हाती देऊ नका. नकाशा झाला की त्या झाकलेल्या बागांवर तो ताडून पाहा आणि जे आकडे येतील ते, वाईट आले तरी, जसेच्या तसे प्रस्तावात लिहा. प्रादेशिक केंद्रातला माणूस पहिल्यांदा तोच तक्ता उघडणार आहे. राज्याच्या ई-पीक पाहणीतल्या नोंदी गावांची आणि गटांची यादी करायला उपयोगी पडतील, पण तिथे ‘संत्रा’ एवढंच कळतं. बहार, खुंट आणि रोग तुम्हालाच भरावे लागतील.

आता ज्ञानाची बाजू. इस्रोची रीत अशी आहे की ती पद्धत बसवते, तिची कसोटी घेते आणि मग ज्याचं काम त्याच्या हवाली करते. पीकक्षेत्र आणि उत्पादनाचे उपग्रहावरून अंदाज काढण्याचं काम १९८० च्या दशकात कृषी मंत्रालयासाठी इस्रोच्या शास्त्रज्ञांनी सुरू केलं. पुढे त्याचा ‘फसल’ हा मोठा कार्यक्रम झाला आणि २०१२ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या महालनोबीस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्राकडे ते काम गेलं. फळांसाठी २०१४ मध्ये ‘चमन’ प्रकल्प आला. त्यात निवडलेल्या सात पिकांत लिंबूवर्गीय फळंही होती. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की ‘संत्र्याखालचं क्षेत्र मोजून देतो’ एवढ्यावर कोणाला फारसं नवल वाटणार नाही. बागांचा ऱ्हास, बहारानुसार, मातीनुसार, गटाच्या पातळीवर दाखवणं हे मात्र अजून करण्यासारखं आहे. आणि दर हंगामाला नकाशा काढून देण्याची सेवा इस्रो चालवेल अशी अपेक्षा ठेवू नका. ती तुम्हालाच चालवावी लागेल, म्हणून ती दोन मुलं टिकतील का हा प्रश्न कराराइतकाच मोठा आहे.

या कामात नागपूरसारखं ठिकाण मिळणं हे तुमचं नशीब आहे. एनआरएससीचं प्रादेशिक केंद्र, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, तिन्ही अमरावती रोडला. राज्य शासनाचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, ज्याला आपण एमआरसॅक म्हणतो, ते व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात. आणि कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र तर तुमच्या काटोललाच. मी तुमच्या जागी असतो तर काटोलपासून सुरुवात केली असती. मुळं सडतात ती कोणत्या जमिनीत, निचरा कुठे होत नाही, चुनखडीचा थर किती खोल, हे मातीचे प्रश्न सुटल्याशिवाय वरच्या फिकट पट्ट्याचं कारण कळणार नाही. उपग्रह ‘कुठे’ सांगतो, ‘का’ हे फळशास्त्रज्ञ आणि मृदाशास्त्रज्ञ सांगतात. या दोघांपैकी एक तुमच्यासोबत आहे असं पत्रात दिसलं की अंतराळ विभागाच्या केंद्रात तुमच्याकडे बघण्याची नजर बदलते.

महाविद्यालय सोबत असण्याचा आणखी एक फायदा आहे. इस्रोचा ‘रिस्पॉन्ड’ नावाचा संशोधन अनुदानाचा जुना कार्यक्रम आहे. तो विद्यापीठं आणि शैक्षणिक संस्थांसाठी आहे. तुमच्या कंपनीला तिथे थेट अर्ज करता येणार नाही. पण एखाद्या प्राध्यापकाने मुख्य संशोधक म्हणून प्रस्ताव टाकला आणि तुमची कंपनी क्षेत्रीय नोंदींची जबाबदारी घेणारी संस्था म्हणून त्यात आली, तर ते शक्य आहे. इस्रोला कोणत्या विषयांवर संशोधन हवं आहे याची यादी ती प्रसिद्ध करत असते. तुमचा विषय त्या यादीतल्या एखाद्या मुद्द्याला चिकटतो का हे प्राध्यापकांना आधी पाहू द्या.

इथवरचं एकत्र करतो: प्रतिमा मोफत आहेत, त्या आजच घ्या. ज्ञान नागपुरातच आहे, त्याची सुरुवात काटोलच्या फळ संशोधन केंद्रातून करा. जमिनीवरची नोंद हे तुमचं भांडवल आहे. राहिला पैसा.

सामंजस्य करार झाला की निधी येतो, हा समज मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यावर सरळ लिहितो. करारासोबत पैसे येत नाहीत. अंतराळ संस्थांच्या आपसातल्या करारांतही दोन्ही बाजू बहुधा आपापला खर्च आपण करतात. निसार उपग्रह घ्या. ३० सप्टेंबर २०१४ ला नासा आणि इस्रोचा करार झाला आणि ३० जुलै २०२५ ला उपग्रह जीएसएलव्ही रॉकेटवरून गेला. एल बँडचं रडार आणि १२ मीटरची अँटेना नासाने दिली. एस बँडचं रडार, उपग्रहाचा मूळ सांगाडा आणि प्रक्षेपण इस्रोने केलं. ज्याचा वाटा त्याच्या खर्चाने. त्याची माहितीही खुली ठेवण्याचं ठरलेलं आहे, आणि दर १२ दिवसांनी ढगांतून पाहणारं रडार तुमच्या पावसाळ्याच्या अडचणीवर उपयोगी पडू शकतं, म्हणून मुलांनी रडारच्या प्रतिमा वाचायला आतापासून शिकावं. देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे दूरस्थ अभ्यासक्रम त्यासाठी चांगले आहेत.

जिथे पैसे दिले जातात, तिथेही ते टप्प्यांवर दिले जातात. नासाने २००६ मध्ये अंतराळ स्थानकावर माल नेण्यासाठी खासगी कंपन्यांशी जे करार केले, त्यांत प्रत्येक टप्पा ठरलेला होता आणि टप्पा गाठल्यावरच रक्कम मिळत होती. स्पेसएक्स त्यातून वर आली. तिच्याबरोबर निवडलेली रॉकेटप्लेन किस्लर ही कंपनी बाहेरचं भांडवल वेळेत उभं करू शकली नाही, आणि २००७ मध्ये नासाने तिचा करार संपवला. टप्प्यांची ही शिस्त मला पटते, आणि तुमच्या प्रस्तावातही ती असावी असं वाटतं. आपल्याकडे खासगी कंपन्यांना हात देण्याचं काम इन-स्पेसकडे आहे. २०२० मध्ये तिची घोषणा झाली, कार्यालय अहमदाबादला बोपळमध्ये. स्टार्टअपसाठी तिच्या बीज निधीसारख्या योजना निघतात. शेतकरी उत्पादक कंपनी म्हणून तुम्ही त्यांत कितपत बसाल हे त्या-त्या वेळच्या अटींवर ठरेल. मुलांनी वेगळी कंपनी काढून तंत्रज्ञान तिच्याकडे ठेवलं आणि तुम्ही तिचे पहिले ग्राहक झालात, तर अर्जाची बाजू सोपी होते. मात्र मग शेतकऱ्यांच्या नोंदी कोणाच्या मालकीच्या, हे आधी कागदावर ठरवा.

यंत्रणेची गरज तुम्हाला नाही, म्हणून त्यावर थोडक्यात. रॉकेटचे भाग किंवा उपग्रहाचं उपकरण बनवणाऱ्यांना इस्रोच्या चाचणी सुविधा इन-स्पेसमार्फत मिळतात. पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर बाहेरच्यांची उपकरणं कक्षेत तपासून देण्याची ‘पोएम’ नावाची सोय आहे; डिसेंबर २०२४ मध्ये गेलेल्या पोएम-४ वर २४ उपकरणं होती, त्यांतली १० इस्रोबाहेरची. नागपूर या बाजूलाही मागे नाही. १८ नोव्हेंबर २०२२ ला उडालेल्या स्कायरूटच्या विक्रम-एस रॉकेटच्या इंजिनाची चाचणी त्याच वर्षी मार्चमध्ये नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात झाली होती. रॉकेट हैदराबादच्या कंपनीचं, उड्डाण श्रीहरिकोट्याहून आणि चाचणी आपल्याकडे. मला याचा अभिमान वाटतो.

आता कागद. इन-स्पेसच्या पद्धतीत आधी चौकट ठरवणारा सामंजस्य करार होतो आणि मग प्रत्येक कामासाठी संयुक्त प्रकल्प अंमलबजावणी आराखडा, ज्याला तिथे जेपीआयपी म्हणतात. कोण काय देणार, कधी, कोणत्या शुल्कात, हे त्या आराखड्यात असतं. एनआरएससीसारख्या केंद्राबरोबर काम झालं तरी एवढं लक्षात ठेवा की पहिला कागद सहीचा आणि दुसरा कामाचा. एका शासकीय विभागाबरोबरचा करार मी जवळून पाहिला आहे. फुलं, फोटो, वर्तमानपत्रात बातमी, सगळं झालं. दोन्ही बाजूंनी जबाबदार माणसाचं नाव मात्र कागदावर नव्हतं. सही करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाली आणि पुढे कोणाला फोन करायचा हेच कोणाला ठाऊक नव्हतं. ज्या गावांत नोंदी घ्यायच्या होत्या तिथले शेतकरी वर्षभर विचारत राहिले. मला अजून त्याचं वाईट वाटतं. म्हणून पदनाम आणि पर्यायी माणूस दोन्ही लिहून घ्या, आणि दर तिमाहीला एक बैठक.

शेतकऱ्यांच्या संमतीबद्दल मी अगदी आग्रही आहे. गट नंबर, मोबाइल नंबर, बागेची अवस्था ही माणसाची खासगी माहिती आहे. आजारी बागांचा नकाशा व्यापाऱ्याच्या हाती लागला तर सौद्यात भाव पडतो, आणि विमा कंपनीच्या हाती लागला तर काय होईल याचा विचार तुम्हीच करा. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायद्याची वाट न पाहता सभासदाकडून साध्या मराठीत एका पानाची संमती घ्या: कोणती माहिती, कशासाठी, कोणाला दिसेल, मागे कशी घेता येईल. संशोधकांना नाव आणि नंबर काढून नोंदी द्या. बाहेर प्रसिद्ध होणारा नकाशा गावाच्या पातळीवरच ठेवा. करारात हे कलम तुमच्या बाजूने टाकायला सांगा. शास्त्रज्ञ त्याला नकार देत नाहीत, उलट तुम्ही विचार केलेला आहे हे त्यांना दिसतं.

आणि करार होईपर्यंत माहितीपत्रकावर ‘इस्रोच्या सहकार्याने’ असं छापू नका, लोगो तर मुळीच नको. मोफत प्रतिमा वापरल्या असतील तर ‘प्रतिमा: एनआरएससी’ असा स्रोत लिहिणं योग्य आणि पुरेसं आहे.

किती दिवस लागतात, याचं उत्तर तुम्ही काय घेऊन जाता यावर आहे. नुसती इच्छा घेऊन गेलात तर वर्षही जाईल. माझा सल्ला असा: पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकाच मंडळातल्या शंभरेक बागा निवडा आणि तेव्हाच पहिली फेरी करा, आंबियाची फळं झाडावर असताना. दुसरी डिसेंबर-जानेवारीत, ताणाच्या वेळी. तिसरी मार्चअखेर. तीन फेऱ्यांच्या नोंदी, सोबत लिस-४ किंवा सेंटिनेलच्या प्रतिमांवरून केलेला कच्चा नकाशा, झाकून ठेवलेल्या बागांवरचा निकाल आणि काटोलच्या केंद्रातल्या एका शास्त्रज्ञाचं मत, एवढं घेऊन एप्रिलमध्ये अमरावती रोडला जा. पत्र एका पानाचं आणि मागणी एकच: ताणावरची बाग आणि आजारी बाग वेगळी ओळखण्याच्या पद्धतीवर तांत्रिक मार्गदर्शन. करार हा शब्द पहिल्या पत्रात नसला तरी चालेल. काम पुढे सरकलं की तो कागद लागतोच, आणि तेव्हा तो त्यांच्या बाजूनेही मागितला जातो.

नोंदीच्या तक्त्याचे रकाने ठरवलेत की इथे टाका. कोणते कमी करायचे आणि कोणते वाढवायचे ते पाहून सांगतो. पहिल्या फेरीआधी एवढं झालं तर बरं.